बिल्ला नसलेली टोपी

नात घरी येऊन पाच दिवस झाले होते आणि पाचही दिवस ती डोक्याला फडकं गुंडाळून हिंडत होती. जेवताना फडकं, झोपताना फडकं, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी फडकं. विचारावं तर म्हणे, "कान दुखतोय." कान दुखणारं माणूस कसं, एका कुशीवर गप्प पडून असतं. ही त्याच कानाला मोबाइल लावून मैत्रिणींशी तासतासभर खिदळत होती. बरं, तेही एक वेळ चाललं असतं. सगळ्यात मोठा गुन्हा असा, की अख्ख्या छावणीच्या डोक्यांवर टोप्या बसवणारी आजी खाली दुकानात जिवंत बसलेली असताना पोरीने आपली नवी टोपी तिला अजून दाखवलीसुद्धा नव्हती.

"विमानातून उडी मारायला शिकवलं म्हणे तिकडे," टोपीआजी समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होती. "चार महिने शिकवत होते. वर चढायला शिकवलं, खाली पडायला शिकवलं. घरी आल्यावर म्हातारीजवळ दोन घटका बसायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. मान खाली घे."

गिऱ्हाइकाने मान खाली घेतली. तो छावणीच्या भटारखान्यातला आचारी. आवाज नाजूक, डोकं मात्र त्याच्याच पातेल्यांच्या मापाचं. बढती मिळून नवी टोपी आणि नवा बिल्ला मिळाला होता, आणि गडी तो बिल्ला टोपीला टोचूनच आला होता.

"हे काय?"

"बिल्ला, आजी."

"तो दिसतोय मला. टोपी बसायच्या आधी कुणी लावायला सांगितला?"

"मिळाला त्याच दिवशी लावला. राहवलं नाही."

"कुणालाच राहवत नाही. चाळीस वर्षं कंठशोष करतेय, आधी टोपी बसू द्या, मग बिल्ला लावा. ओल्या लोकरीत काटा गंजतो, डाग पडतो. टोपी आकसली की डोळ्यावर यायचा तो नाकावर येतो. पण ऐकतो कोण? बिल्ला मिळाला की तुम्हा लोकांना पंख फुटतात." तिने बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "खिशात घाल. शनिवारी लव काढायला येशील तेव्हा आण."

दुकान छावणीच्या मोठ्या फाटकासमोर होतं आणि राहायच्या खोल्या वर. दारावरच्या पाटीवर अक्षर एकही नव्हतं, नुसती एक तिरकी काळी टोपी रंगवलेली. आजी दुसरीपर्यंत शिकलेली. जे आपल्याला धड वाचता येत नाही ते आपल्याच दारावर कशाला, असं तिचं म्हणणं. मापंही ती लिहून ठेवत नसे. प्रत्येक डोक्याची एक सुतळी आणि सुतळीला गाठी. भिंतीवर अशा शेकडो सुतळ्या लोंबत होत्या. कुठली कुणाची हे तिला नुसता हात लावून कळे.

बेरे टोपी नवी हातात येते तेव्हा ती टोपी नसतेच. लोकरीची गोल, फुगलेली, कोबीच्या पानासारखी चारी बाजूंनी पसरलेली वस्तू असते. तशीच घातली तर लढवय्या माणूससुद्धा डोक्यावर उशी घेऊन निघाल्यासारखा दिसतो. दुसऱ्या दुकानांत ती भिजवून लाकडी साच्यावर चढवत. आजीला ते मान्य नव्हतं. "लाकडावर बसवलेली टोपी लाकडालाच शोभते," ती म्हणे. तिच्याकडे टोपी आधी कढत पाण्यात जाई, मग गार पाण्यात, पुन्हा कढत, पुन्हा गार. पिळायची नाही, पंचात गुंडाळून दाबायची. मग ती ओलीगच्च टोपी ज्याची त्याच्या उघड्या डोक्यावर. चामडी पट्टी भुवईच्या वर दोन बोटं आणि सरळ. डाव्या डोळ्यावरची जागा बिल्ल्याची, बाकी सगळं कापड उजव्या कानाकडे ओढून तळव्याने थापायचं. आणि माणसाने तासभर स्टुलावर बसून राहायचं, टोपी डोक्यावरच अर्धीअधिक सुकेपर्यंत. पुढे घरी नेऊन वाळवली की वस्तऱ्याने वरची लव काढायची. अशी बसवलेली टोपी जन्मात दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही.

"नातीची बसवली का हो?" आचाऱ्याने मान न हलवता विचारलं. कपाळावरून पाण्याचा ओघळ त्याच्या मिशीत जात होता. "डाळिंबी ना तिची?"

"बसवीन. घाई काय पडलीय? डोकं घरचंच आहे."

बोलली खरी, पण मनाला लागलं. डाळिंबी टोपी सगळ्यांना मिळत नाही. ती विमानातून उडी मारणाऱ्यांची. आजीचा नवरा रणगाडा चालवायचा, त्याची टोपी काळी, कारण काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत आणि आत वाकून बघायचं तर टोपीला पुढे काठ नको. हे सगळं त्यानेच तिला सांगितलेलं. मूळची ही टोपी डोंगरातल्या मेंढपाळांची, असंही तो सांगायचा. थंडीवाऱ्यात कानावर ओढायची, भूक लागली की तिच्यातच भाकरी बांधायची. "आधी मेंढ्या वळायची, आता माणसं वळते," म्हणून हसायचा. कुठून कुठे गेली ती टोपी. शाळेतला चित्रकलेचा मास्तरही एकदा दुकानात आला होता टोपी मागायला. आजीने बसवून दिली, तर म्हणाला, जरा सैल ठेवा, कलावंतासारखी दिसू दे. "सैलच ठेवायची तर पैसे कशाचे घेऊ?" आजी म्हणाली होती. अजूनही तो रस्त्याने गेला की ती सुनेला म्हणे, "ते बघ, झाकण चाललं, भांडं शोधायला."

सून दुकानातच मागे शिवणयंत्रावर बसे. टोप्यांना आतली पट्टी आणि मागची फीत लावायचं काम तिचं. मुलगा लांबच्या मार्गावर बस चालवायचा, पंधरवड्यातून चार दिवस घरी. म्हणजे घरात बोलायला सासू, आणि ऐकायला सून. आणि या दोघींच्या मध्ये वाढलेली ही एकुलती पोर, जिला आजी लहानपणापासून झिपरी म्हणायची. केस म्हणजे नुसतं रान. रोज सकाळी तेल लावून, गुंता काढून, कमरेच्या खाली जाणारी वेणी घालायची ती आजीनेच. आईला त्या वेणीला हात लावायची सोय नव्हती. फौजेत जायच्या दिवशीसुद्धा आजीने वेणी घालून, अंबाडा बांधून, मग सुतळीने डोक्याचं माप घेऊन ठेवलं होतं. टोपी आली की बसवायची म्हणून.

त्याच दुपारी आजी वर गेली. नात गच्चीवर होती. खाटेखाली तिची पिशवी होती. आजी दुसऱ्याच्या पिशवीला हात लावणारी बाई नव्हे, पण पिशवीची चेन उघडी होती. उघडी चेन दिसली की कुणीही वाकून बघणारच.

टोपी वरच होती. डाळिंबी, कोरी, फुगलेली, पाण्याचा थेंब न लागलेली.

तिच्यावर बिल्ला नव्हता.

आजीने टोपी उलटीपालटी केली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोटाने डाव्या डोळ्याची जागा चाचपली. काट्यांची भोकंही नव्हती. बिल्ला तिथे कधी लागलाच नव्हता. पिशवीचा तळ चाचपला, तिथे मोज्यांशिवाय काही नाही. ती तशीच खाटेवर टेकली.

टोपी उडी शिकायला आलेल्या सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात देतात. बिल्ला देतात शेवटच्या दिवशी, पाचवी उडी झाल्यावर. चाळीस वर्षांत तिच्या दुकानात जो जो पास होऊन आला तो बिल्ला टोचलेली फुगीर टोपी घेऊनच आला, आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. बिल्ल्याशिवाय आली ती पोरं मोजून अकरा. ती दुकान रिकामं असताना येत. टोपी पिशवीतून काढत आणि हळूच विचारत, "नुसतीच बसवून मिळेल का?" आजी बसवून देई. काही विचारत नसे.

आता बारावी टोपी तिच्याच मांडीवर होती.

मग एकेक गोष्ट जागेवर येऊन बसली. महिन्यापूर्वी पोरीचा फोन आला होता. "झालं आजी एकदाचं," एवढं बोलली आणि फोन कटला. आजीने त्यावरून सगळ्या गल्लीत सांगून टाकलं. बूटवाल्याला तर दोनदा सांगितलं. झालं म्हणजे काय झालं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. आणि आता पोर कान दुखतो म्हणून तोंड लपवून बसते. टोपी होती तशी ठेवून तिने चेन लावली, मग आठवलं की चेन उघडी होती, म्हणून पुन्हा उघडली.

खाली येऊन ती काही बोलली नाही. सुनेने यंत्र थांबवून बघितलं. सासू बोलत नाही म्हणजे एकतर ताप असणार, नाहीतर कुणीतरी गेलं असणार.

"आई, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तू पट्टी सरळ शीव."

गल्लीत नाक कापलं जाणार, हे तर होतंच. आजी ते नाकारेल कशाला? पहिला विचार तोच आला. पण त्याच्या मागोमाग आला तो नवरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो रणगाडा चालवायच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास होऊन घरी आला होता. तिची सासू त्याला ताट वाढताना रोज म्हणायची, "जेवा, गाडी हाकायची नाहीय तुम्हाला." तो खाली मान घालून घास चावत राहायचा. एकेक घास इतका वेळ, की नवी नवरी असलेल्या तिलाच गिळवेना. पुढच्या खेपेला तो पास झाला, काळी टोपी घेऊन आला, आईच्या पायावर घातली. पण घरात जेवताना तो पुन्हा कधी बोलला नाही. मरेपर्यंत नाही. तिने त्याचं बोलणं ऐकलं ते सगळं दुकानात.

आपल्या झिपरीला तसं जेवायला लागता कामा नये.

पुढचे दोन दिवस आजी घरात कुणाला टाकून बोलली नाही. नातीला कान विचारला नाही, फडकं विचारलं नाही, टोपीचं नाव काढलं नाही. जेवताना तिच्या ताटात आधी वाढलं. नात चमच्याने भात चिवडत आईकडे बघे, आई सासूकडे बघे, आणि सासू भिंतीकडे. "आजीला काय झालंय?" नातीने मोरीशी आईला कुजबुजत विचारलं. "माहीत नाही. पण तू काय ते लवकर सांगून टाक," आई म्हणाली. "मला ही शांतता झेपत नाही."

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पोर परत जाणार होती. आचारी लव काढायला आला. आजीने वस्तरा परजला आणि टोपी डाव्या मुठीवर चढवून हलक्या हाताने फिरवायला लागली. धूळ उडावी तशी बारीक लव पंचावर पडत होती. तेवढ्यात शेजारचा बूटवाला आला. नवऱ्याचा जुना दोस्त. छावणीचे बूट शिवून आणि चकाकवून त्याचीही हयात गेलेली. रोज या वेळेला तो येई, दाराच्या पायरीवर बसे आणि आजीची खोडी काढी.

"काय वहिनी, उद्या निघाली ना पोर? टोपी घालून एकदा गल्लीतून फिरवा की. दोनदा ऐकलंय आम्ही, एकदा बघू तरी."

आजीचा वस्तरा थांबला. आचाऱ्याने खिशातला बिल्ला काढून हातात तयार धरला होता, तोही थांबला.

"ऐका भाऊजी," आजी म्हणाली. आवाज चढला नाही. "दोनदा सांगितलं ते माझं चुकलं. पोर नाही झाली पास."

मागचं शिवणयंत्र थांबलं.

"अहो वहिनी, मी आपलं..."

"पुरतं ऐका. चार उड्या मारल्या असतील, पाचवी राहिली असेल. नाहीतर आणखी काही असेल. मी विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. चार तर चार. विमानातून मारल्यात. तुम्ही या पायरीवरून उतरताना भिंत धरता. आणि हे गल्लीत ज्याला सांगायचं त्याला आजच सांगा. उद्या ती गाडीला निघेल तेव्हा कुणी तिच्याकडे बघून भुवई उचलली तर त्याला म्हणावं, टोपी बसवायला दुसरं गाव शोध."

आचारी बिल्ला परत खिशात घालायला लागला, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

"कोण नापास झालं?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नात उभी होती. हातात चहाच्या कपांचं तबक, डोक्याला फडकं.

आजीने वळून बघितलं. "वर जा तू. आमचं चाललंय."

"नाही, पण कोण नापास झालं?"

"तू, बाई. मी बघितली टोपी. चेन उघडी होती. आता रडायचं नाही, माझ्यासमोर तर मुळीच नाही. तुझा आजोबाही..."

"पाच उड्या झाल्या माझ्या," नात म्हणाली. तिने तबक कापायच्या टेबलावर ठेवलं. "पाचवी तर वाऱ्यात. तुकडीत तिसरी आले मी."

आजीने वस्तरा मिटून पंचावर ठेवला.

"मग बिल्ला कुठाय?"

नातीने शर्टाच्या खिशाचं बटण काढलं. आतून रुमालाची घडी काढली. घडीच्या आत आणखी एक घडी. तिच्यात पंखांचा बिल्ला, कोराकरकरीत.

"टोपीवर का नाही लावलास?"

"तूच सांगतेस ना आजी, टोपी बसल्याशिवाय बिल्ला लावायचा नाही. काटा गंजतो, डाग पडतो. तिकडे सगळ्यांनी त्याच दिवशी लावले. मला म्हणाले, तू का लावत नाहीस? मी म्हटलं, आमच्याकडे चालत नाही."

चाळीस वर्षं कंठशोष केला, तेव्हा कुठे एक माणूस ऐकणारं निघालं, आणि नेमकं तेच तिला ओळखू आलं नव्हतं. आजीला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. तीन दिवस छातीवर ठेवलेली पाटा-वरवंट्याची जोडी कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती. तिने बिल्ला हातात घेतला, पंखांवरून अंगठा फिरवला, आणि खरा आहे का हे बघायला आचाऱ्याला दाखवला. आचारी म्हणाला, "खरा आहे, आजी." तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

आणि मग, जिवात जीव आल्या आल्या, तिच्यातली टोपीवाली जागी झाली.

"मग आठ दिवस टोपी बसवायला का आणली नाहीस?"

नात तबकातले कप सरळ करायला लागली.

"तोंडात काय धरलंयस? ज्याची टोपी त्याच्या उघड्या डोक्यावर, हे तुला..." आजी बोलता बोलता थांबली. नजर फडक्यावर गेली. "कान दुखतोय म्हणे. काढ ते."

नातीने आईकडे बघितलं. आईने यंत्राकडे. मग पोरीने गाठ सोडली आणि फडकं ओढून काढलं.

वेणी नव्हती. अंबाडा नव्हता. मानेपर्यंत सगळं भादरलेलं, वर दोन बोटं केस, तेही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.

"तिसऱ्या उडीच्या आदल्या दिवशी," नात भराभर सांगायला लागली. "अंबाड्यामुळे हेल्मेट पुढे सरकायचं. डोळ्यांवर यायचं, खालची जमीनच दिसायची नाही. मीच कापले, माझ्या हाताने, कात्रीने. तुला फोनवर सांगणार होते पण धीर झाला नाही. मग म्हटलं घरी गेल्यावर सांगू. मग घरी आले आणि तू तेलाची वाटी घेऊन दारातच उभी."

बूटवाला पायरीवर बसल्या बसल्या हसायला लागला होता. आजीने नुसतं बघितलं, तो गप्प झाला.

"तुला ठाऊक होतं?" तिने सुनेला विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, आई? तुम्ही मलाच सांगत होतात."

आजी उठली. मागे जाऊन दोन घमेली आणली, एकात कढत पाणी, एकात गार. "टोपी आण," एवढंच म्हणाली.

तिने ती डाळिंबी टोपी कढत पाण्यात बुडवली, गार पाण्यात बुडवली, पुन्हा कढत, पुन्हा गार. पंचात दाबली. भिंतीवरची नातीची सुतळी न बघता ओढली आणि त्या भादरलेल्या डोक्याभोवती धरली. गाठ पुढे गेली, दोन बोटं सैल. तिने नवी गाठ मारली आणि जुनी सोडवायची सोडून तशीच राहू दिली. मग ओली टोपी दोन्ही हातांनी पोरीच्या डोक्यावर ठेवली. पट्टी सरळ केली. कापड उजव्या कानाकडे ओढलं. तळव्याने थापलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थापायला हात उचलला आणि थांबला, कारण गरज नव्हती. मागे गाठोडं नाही, मध्ये टेकाड नाही, टोपी कवटीवर पाणी बसावं तशी बसली होती. चाळीस वर्षांत इतकी साफ टोपी तिच्या हातून बसली नव्हती. ते ती कुणाला बोलून दाखवणार नव्हती. पण आचारी बघत होता, बूटवाला बघत होता, आणि सून यंत्रावरून उठून पुढे आली होती.

नातीच्या कपाळावरून ओघळ आला. तिने पुसायला हात उचलला.

"हात खाली," आजी म्हणाली. तिने स्टूल दोन्ही हातांनी उचललं, दुकानाच्या बाहेर नेलं आणि फाटकाकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला ठेवलं. पोरीला दंडाला धरून त्याच्यावर बसवलं. मग कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आता ऐक. केस कापलेस त्याला माफी. डोकं तुझं, जमीनही तुलाच बघायची होती. पण पाच वेळा विमानातून उडी मारलीस आणि माझ्या कंगव्याला भ्यालीस, आणि त्यापायी मी तीन दिवस तुला नापास समजून गुमान जेवले, त्याची शिक्षा आहे. टोपी सुकेपर्यंत इथेच बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. कुणी विचारलं तर सांगायचं, पाच. चार नाही, पाच. आणि मान ताठ ठेव, झिपरे, पट्टी हलतेय."